तेलावरची कढई

येरमाळा
मंगळवार, ता. ८ डिसेंबर १९६४

चि. विरुपाक्ष यास शांताक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. थंडी बरी पडलीय, म्हशी दुधाला चांगल्या आहेत. तुझ्या रंगाच्या कारखान्यात काम कसं काय? तुझे दाजी दिवसभर खव्याच्या भट्टीवरच असतात. धुरानं खोकला वाढलाय, पण आता धूर जायचा म्हणून भलतेच खुशीत आहेत. भेटेल त्याला धरून सांगतात, मेव्हण्यानं सोलापुराहून कढई आणली, तिच्याखाली जाळच नाही, तेलावर चालते. खवा तळणार की काय, म्हणून बाबूराव मास्तरांनी विचारलं. मग हे समजावतात की तेल पलीकडच्या भट्टीत तापतं, नळीतून येतं, कढईच्या दोन तळांमधून फिरतं आणि परत जातं, दुधाला त्याचा थेंबही लागत नाही. तू सांगितलेलं अगदी पाठ केलंय त्यांनी.

बार्शीचा माणूस वाफेची कढई देत होता. मला ती बरी वाटली होती, पण तू मोडता घातलास. आपलं पाणी खारट, बॉयलरात थर धरणार, उन्हाळ्यात तर पाणीच नाही, वर सरकारी तपासणी. बोलणं पटण्यासारखं होतं, मी नाही म्हणत नाही. पण तपासणीची कटकट नको, हे तू पुन्हा पुन्हा का म्हणत होतास, ते तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आणि कढई बसवायला आलास त्या दिवशी जेवला नाहीस. तुझ्यासाठी धपाटे केले होते, ताट वाढलेलं सोडून यष्टी धरलीस. दाजींच्या नजरेला नजर देत नव्हतास. बुडाला रंगाचे एवढे थर कशाला, असं मी विचारलं तर म्हणालास, नव्या मालाला असाच असतो.

आपल्या अव्वाची रीत तुला ठाऊक आहे. चूल असो की भट्टी, नवी असली की पेटवायच्या आधी पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचं, मग विभूती लावून विस्तव घालायचा. लोखंडाला कसला पोतेरा, म्हणून हे हसले. मी म्हटलं, ज्यात दूध चढतं ती माझ्या लेखी चूलच. आतून बाहेरून पोतेरा दिला. सकाळी बघते तर आतल्या अंगाला, तळाशी, काळपट तेलकट रेघ उमटलेली. पुसून काढली, पुन्हा पोतेरा दिला. दुसऱ्या सकाळी त्याच जागी तीच रेघ. वास घेतला, तर तुझ्या सदऱ्याला यायचा तोच.

विरुपाक्षा, आपल्या तेलाचा डबा आम्ही अजून फोडलेलाच नाही. सील लावलेला तसाच कोपऱ्यात आहे. मग हे तेल आलं कुठून?

ही कढई नवी नाही. तुझ्या कारखान्यात वापरून, आतला तळ तडकल्यावर बाजूला टाकलेली आहे, आणि दोन तळांमध्ये राहिलेलं जुनं तेल त्या तड्यातून पाझरतंय, असा मला शक आहे. नाही तर तुलाच कुणी फसवलं असेल. हे दुसरं खरं निघावं म्हणून येडाईपुढं हात जोडले, तरी मनात पहिलंच येतं, त्याला मी काय करू? तापलं की ते तेल दुधात उतरेल, नाही तर तळ फाटून अंगावर येईल. आणि त्या कढईत उलथनं घालून दिवसभर कोण उभं राहणार, हे तुला सांगायला नको.

दाजींना यातलं काही माहीत नाही. दोन्ही सकाळी ते यायच्या आत मीच रेघ पुसली, तुझी अब्रू राहावी म्हणून. काल नुसतं म्हटलं, पेटवायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवू या का? तर म्हणाले, "विरुपाक्षानं आणलीय ती. त्याच्यावर शक घ्यायचा, तर इतबार ठेवायचा कुणावर?"

येत्या सोमवारी ते विस्तव घालणार आहेत. पहिल्या यष्टीनं ये. तुला माहीत नसेल तर मला हवं तसं बोल, मी खाली मान घालून ऐकून घेईन. माहीत असेल तर दाजींना तूच सांग, तुझ्या तोंडानं. ते संतापतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण घरातला म्हणूनच संतापतील. पत्र नको, कुणाबरोबर निरोप नको, तब्येतीचं निमित्त नको.

आला नाहीस, तर विस्तव पडायच्या आत मी त्यांना हाताला धरून कढईपाशी नेईन. आदल्या रात्री पोतेरा दिलेला असेल, आणि ह्या खेपेला मी काही पुसणार नाही. मग नागपंचमीला मला माहेरी न्यायला येऊ नकोस.

सोमवारपर्यंत तुझीच,
शांताक्का