एक काळं बटण

ता. ५, सोमवार
पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेले. स्वातंत्र्यदिनी खाली अंगणात झेंडा तेच चढवायचे. सगळ्यांत वयस्क माणसाने चढवायचा, हा आमच्या बिल्डिंगचा पहिल्यापासूनचा रिवाज. आता मान टेलरमास्तरांचा. तळमजल्यावरचे. देव वेगळा, घरात बोलायची भाषा वेगळी. पण बिल्डिंगमध्ये त्यांची सुई न लागलेला एक परकर दाखवा! झेंड्याची उसवलेली कडही दरवर्षी तेच शिवतात.

ता. ८, गुरुवार
जिन्यात ठेकेदार भेटले. राहतात दुसऱ्या मजल्यावर, आवाज चौथ्यावर. "यंदा तरुणांना संधी देऊ, वहिनी." स्वतः पन्नाशीचे! मग आवाज एकदम खाली – "आपल्यातलंच कुणी बरं ना?"
जन्मभर वर्गात नागरिकशास्त्र शिकवलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "बघू." लाज वाटली.
आजीचा अंगठा, आईची सही, माझी नोकरी, लेक तर पूल बांधते. केवढं चालून आलो आपण! आणि अडलो कुठे, तर जिन्यात.

ता. ११, रविवार
सभा झाली. मत नेहमीसारखं बटणांनी. पहिल्या सभेत कागद नव्हता म्हणून मास्तरांनी बटणांचा डबा आणला होता, तेव्हापासून तीच पद्धत. घरटी एक पांढरं, एक काळं. मूठ झाकून एक डब्यात टाकायचं. रिवाज राहावा असं वाटत असेल तर पांढरं.
सात पांढरी. आठ काळी.
कुणी कुणाकडे बघेना. मास्तरांनी बटणं गोळा केली. "चला, चहा गार होतोय," म्हणाले.

ता. १२, सोमवार
डोळ्याला डोळा नाही. बोटांवर मोजलं होतं मी – मास्तरांचं धरून आठ घरं पक्की. मग फुटलं कोण?
आमचं मत ह्यांनी टाकलं, घर ह्यांच्या नावावर ना. आठवडाभर ह्यांचं एकच पालुपद – "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" सकाळी सरळ विचारलं. "पांढरंच टाकलं गं!" म्हणाले. बोलताना वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. माझा विश्वास बसला नाही. तसं तोंडावर सांगितलं.

ता. १४, बुधवार
अबोला. चहा आदळते, ते मुकाट पितात.

ता. १५, गुरुवार
झेंडा ठेकेदारांनी चढवला. भाषणात 'आपण सारे एक' तीनदा. मास्तर मागच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. झेंड्याची कड नव्याने शिवलेली होती. माझ्याच्याने वर बघवेना.

ता. २१, बुधवार
ब्लाउज आणायला गेले. दुकानात कुणी नव्हतं. राहवलं नाही – "आमच्याच घरातून दगा झाला, मास्तर."
मशीन थांबलं. "साहेबांना बोल लावू नका, बाई. ते काळं बटण माझं."
"का पण?" मी विचारलं.
"एका मताने जिंकलो असतो, तर अर्धा जिना आमच्याशी बोलला नसता. नात याच जिन्यात खेळते."
वर आले. ह्यांनी चहा टाकला होता. दोन कप. कुठल्या तोंडाने पिऊ?