टिटवीचा आवाज

३ डिसेंबर, बुधवार

परत तेच! गॅसवाल्याचा फोन आल्ता. मी 'हॅलो' म्हणले तर म्हणतो — "दादा, आईला द्या जरा." सतरा वर्षांची पोरगी मी! मम्मी पोट धरून हसली.

कॉलेजात हजेरीला मी नुसता हात वर करते. अकरावीत एकदा 'यस सर' म्हणले होते. मागच्या बाकावरून शिवाजी ओरडला — "सुमेधा न्हाई, सुमेधराव!" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून बंद.

९ डिसेंबर

गॅदरिंगला माझी फिल्म दाखवणार! मोबाईलवर चित्रं काढून केलेली. एका सेकंदाला बारा चित्रं. दिवाळीपासून तेच करून राह्यले. एक टिटवी आहे. लोक म्हणतात अशुभ ओरडती, म्हणून ती ओरडणंच सोडती. मंग एक दिवस तिच्या अंड्यांवर ट्रॅक्टर चालून येतो.

सरांना कल्याणनं दाखवली, मला न विचारता. हसनाबादचा, आमच्याच वर्गातला, लॅपटॉपवाला; चित्रं त्याच्याच लॅपटॉपवर जोडली. आधी लई चिडले त्याच्यावर. आता चिडायला गेलं तर हसूच येतं.

१४ डिसेंबर

टिटवीचा आवाज प्रियदर्शनी देणार. मीच तिला विचारलं. वर्गात तिच्याइतकं गोड कोणी बोलत न्हाई. कल्याणही तिच्याशी किती हसून बोलतो! शोभते जोडी. मी काय मधे येणार?

रेकॉर्डिंग ऐकून कल्याण म्हणला, "ही टिटवी न्हाई, मैना वाटून राह्यली. सुमेधा, तू बोल ना."

"चेष्टा करतो का माझी?"

"बिलकुल न्हाई."

तशीच उठून आले. काळीपिवळी जीपमधे, आमचं केदारखेडं येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. रडले थोडं.

१५ डिसेंबर

बोलले न्हाई त्याच्याशी.

१६ डिसेंबर

आजही न्हाई. त्यानं दोनदा बघितलं. मी मोजलं न्हाई, दिसलं.

१० जानेवारी, शनिवार

आज गॅदरिंग झालं, आल्या आल्या लिहिते!

हॉलच्या खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केल्ता. मम्मी पुढच्या रांगेत. फिल्म सुरू झाली — चित्र आहे, आवाज न्हाई! कल्याण वायरी काढतोय, लावतोय. प्रियदर्शनी डान्ससाठी साडी नेसायला गेल्ती. पोरं शिट्ट्या मारायला लागली. पडद्यावर माझी टिटवी चोच उघडती, आणि मुकी!

कल्याणनं माईक माझ्यापुढं धरला.

घेतला.

"मी टिटवी," एवढंच म्हणले तर मागून — "सुमेधराव!" हशा. पण पडद्यावर ट्रॅक्टर यायला लागल्ता, आणि ढेकळांत चार अंडी. तीन दिवस लागले होते मला ती चार अंडी काढायला!

मंग मी ओरडले. पोटातून, माझ्या ह्याच जाड्या आवाजात — टिटीव! टिटीव! एकदम सगळे गप. परत ओरडले. माईक शिट्टी मारायला लागला, तो बाजूला करून ओरडले. ट्रॅक्टर थांबला.

आणि टाळ्या! थांबेचनात! शिवाजी बाकावर उभा राहून वाजवत होता. प्रियदर्शनी अर्धी साडी हातात धरून पळत आली — "माझ्यानं असं ओरडणं झालंच नसतं गं!" मम्मी डोळे पुसत शेजारच्या बाईला सांगत होती, "माझी पोरगी. तो आवाज तिचाच."

१२ जानेवारी

हजेरीला 'यस सर' म्हणले. सरांनी मान वर करून बघितलं. हसले.

१३ जानेवारी

बसस्टँडवर मीच गाठलं त्याला. म्हणले, "कल्याण, तू मला आवडतो. प्रियदर्शनीचं काय असंल ते असो."

"प्रियदर्शनीचं काय?" त्याला खरंच कळलं न्हाई! मंग कानापर्यंत लाल झाला. म्हणला, "परत म्हण."

"ऐकू आलं न्हाई का?"

"आलं. म्हणूनच."