कागदावर ससा, जन्मानं उंदीर

२ नोव्हेंबर २००७

चि. सूयुनला आजीचे आशीर्वाद.

फोनवर तुझी आई कान लावून बसते, म्हणून पत्र. तुझ्या बापाला साखर निघाली. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, कमी खा, वजन उतरवा. उतरवायला अंगावर आहे काय? तुझी आई मोठी आज्ञाधारक, अर्ध्या वाडग्यावर शेवया वाढत नाही. गाव म्हणतं, हा खादाडांचा आजार. म्हणून हा लाजेनं अजून कमी खातो आणि इन्सुलिनची सुई टोचू देत नाही. नुसता सापळा उरलाय. तू शहरात नर्स झालीस, काहीतरी कर.

लोभ आहेच, तो मागण्यात कागद कशाला घालवू?

आजी

११ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

बाबांचे रिपोर्ट तालुक्याहून मागवून आमच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांच्या शरीरात इन्सुलिनच फार कमी बनतंय. सुई आणि पोटभर जेवण, दोन्ही हवं, नाहीतर हिवाळा निघणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, जन्म दुष्काळातला का? आईच्या पोटात किंवा तान्हेपणी उपासमार झाली, तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कमीच राहत असाव्यात, असं ते म्हणतात. मोठेपणी उपाशी राहिलेल्याचं सहसा एवढं बिघडत नाही. मी म्हटलं, बाबा त्रेसष्टचे, चिनी पंचांगाच्या बारा जनावरांपैकी सशाच्या वर्षाचे. साठच्या आसपासचा दुष्काळ तेव्हा सरला होता. बरोबर ना, आजी?

तुझ्या मायेची,
सूयुन

२० नोव्हेंबर

चि. सूयुन,

तुझे डॉक्टर चोंबडे आहेत, पण हुशार. तुझा बाप साठ सालचा, ऐन दुष्काळातला, उंदराच्या वर्षाचा. सातव्या वर्षीही चारचा दिसायचा. शाळेत पोरं चिडवतील म्हणून मी कागदावर तीन वर्षं खाल्ली. पुढे सशाचं वर्ष आलं तेव्हा, आपल्या जनावराच्या वर्षी पीडा टळावी म्हणून, त्यानं हौसेनं लाल कमरपट्टा बांधला, मी तोंड फिरवून हसले.

काल त्याला सगळं सांगितलं. आधी चिडला, की जन्मभर भलत्याच जनावराचं भविष्य वाचत आलो. मग विचारलं, उपाशी तर तूही होतीस, तुला सत्तरीत साखर का नाही? मी म्हटलं, "माझं अंग घडून झालं होतं. तुझं घडत होतं, आणि मी झाडाची साल खात होते. तू खादाड नाहीस, उपाशी जन्मलास."

मग सदरा वर केला.

तुझ्या आईचा हात थरथरतो, म्हणून सुई मी टोचते. माझा नाही थरथरत.

नव्या वर्षाला ये. आलीस तर लोभ, नाहीतर शिव्या.

आजी