दहा मेची सही

आंबेपाडा, रानशेतजवळ
३ डिसेंबर २०१७

ति. शितलताईस,
उमेशचा शि. सा. न.

फोनवर तू रडतेस, बोलायचं राहूनच जातं, म्हणून पत्र. हसू नकोस, दोन कागद फाडून झाले.

शहरातला दवाखाना रोज उघडतो, मग आमच्या पाड्याचं उपकेंद्र का नाही, एवढंच आपण हायकोर्टात विचारलं होतं. सरकारचं उत्तर आलं. म्हणतात, रोज उघडं होतं. सोबत हजेरीपट जोडलाय. दहा मेला लहान्याची बायको भिकी कुलपासमोर बाळंत झाली आणि पोर गेलं. त्या दिवशीही नर्सची सही आहे. ताई, सही तुझी आहे.

त्या दिवशी तू माझ्या लग्नात होतीस. लग्न लावणाऱ्या धवलेरीशेजारी तुझा फोटो आहे. वीस तारखेला सुनावणी आहे. वकीलबाईंना फोटो दाखवू का?

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा उमेश


वेवजी
८ डिसेंबर २०१७

चि. उमेश,
अ. उ. आ.

तुझं पत्र चुलीत घालणार होते. रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, बदली नर्स मिळणार नाही, उद्याची सही आजच करून जा. एकुलत्या भावाचं लग्न, केली मी.

मार्चला माझं कंत्राट संपतंय. नविनचं कारखान्यातलं काम सुटलंय, रुचिकाची शाळा आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करू? फोटो दाखवलास तर तुला बहीण नाही असं समज.

सुषमाला जप. रागावले तरी जीव तुमच्यातच आहे.

तुझी ताई


आंबेपाडा
१२ डिसेंबर २०१७

ति. ताईस,
शि. सा. न.

फोटो दाखवला नाही. वकीलबाई म्हणाल्या, हजेरीपट खोटा ठरला नाही तर आपलं कोण ऐकणार? लहान्या शेजारीच बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

सुषमाला सहावा लागलाय. तुझी वेवजीला बदली झाल्यापासून उपकेंद्राला कुलूपच आहे. मला फार भीती वाटते, ताई.

भाऊ मानत राहा.

उमेश


वेवजी
१६ डिसेंबर २०१७

चि. उमेश,
अ. उ. आ.

वीस तारखेला मी मुंबईला येते. प्रतिज्ञापत्र माझंच घ्या. नोकरी जाणार हे नविनला सांगितलं, तो काल जेवला नाही.

तू कामावर असताना मी पाड्यावर येऊन गेले, तुला भेटायचं धाडस झालं नाही. भिकीकडे बसले. रजा, सही, सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल. तिने मला चहा दिला. मग म्हणाली, पोराच्या मानेला नाळ गुंडाळली होती, सुईणीला सुटली नाही. मी असते तर सोडवली असती का, एवढंच तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

लोभ ठेव, जमेल तेवढा.

तुझी शितलताई