जाताना साडेसात, येताना अडीच

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

काल माझं वाक्य निम्मंही झालं नव्हतं, तोच "या वयात विमानं कसली?" म्हणून तुम्ही फोन ठेवलात, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. तुमचा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेत नाही असं वहिनी सांगत होत्या. घ्या.

आपल्या धाकटीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया बावीस तारखेला आहे. त्या परक्या शहरात तिचं म्हणावं असं कुणी नाही, तेव्हा मी जाणार. माझे पाय सुजतात म्हणून डॉक्टरांनी सलग सहा तासांच्या वर बसायला मनाई केली आहे, हेही खरं. पण तुमच्या भाच्यानं काय हिशेब मांडला तो ऐका. विमान सकाळी आठ दहाला सुटतं आणि तिथं तीन चाळीसला उतरतं, म्हणजे साडेसात तास. सबब आईनं जायचं नाही. (हा मुलगा बँकेत अधिकारी आहे.) मी म्हटलं, बाबा, परतीचं बघ. ते पाचला सुटून साडेसातला इथं. अडीच तास! यावर डोकं खाजवून म्हणतो, "येताना वारा पाठीशी असेल." मग मी नुसती परतच येते, म्हटलं. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला आणि रेखांशाच्या धड्याला हा पहिल्या बाकावर होता! तिथली घड्याळं आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे जाताना काय नि येताना काय, पाचच तास लागतात, हे त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी शाळेनं निरोपाला दिलेला पृथ्वीचा गोल पिशवीत घालून मी थेट तिकिटांच्या कचेरीत गेले.

तिथं जिन्यात पिशवीचा बंद तुटला आणि पृथ्वी दोन मजले घरंगळत गेली. (पॅसिफिकला पोचा आला आहे. आपल्या वाटेत तो येत नाही.) काउंटरवरच्या मुलीला दोऱ्याचं एक टोक धरायला लावलं. "अहो मावशी, मशीनवर येतं ना सगळं!" येऊ दे, म्हटलं, आधी दोरा धर. दोऱ्यानं तीन हजार आठशे किलोमीटर भरले, मशीननं तीन हजार नऊशे. मागच्या रांगेनं कुरकुर थांबवून माना पुढे काढल्या. 'प्रवास पाच तास' असं छापून, वर शिक्का मारून घेतला आणि डॉक्टरांकडे गेले. "मग जा की! मला तुमच्या मुलानं साडेसात सांगितले होते." तो कागद मुलाच्या ताटाशेजारी ठेवला. तेव्हापासून घरात शांतता आहे.

तर दादा, मी जाणार. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुमची,
मधली

ता. क. एकटीनं जायला मी मुळीच घाबरत नाही. विमान जमीन सोडतं ती पहिली दहा मिनिटं सोडून.

आणखी ता. क. धाकटीनं मला बोलावलेलंच नाही. मी येते म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, "दादा येईल का गं?" नऊ वर्षं तुम्ही दोघं बोलत नाही, आणि भूल देण्याआधी तिला तुमचंच तोंड बघायचं आहे. मी हो म्हणून बसले आहे.

पत्रासोबत सुनेच्या हाती दिलं: तिकीट एक, तुमच्या नावाचं, जागा माझ्या शेजारची. (पासपोर्ट वहिनींनी दाखवला. त्यांना रागवायचं नाही.) लोकरी पायमोजे, एक जोड. मिळाल्याची सही घेतल्याशिवाय सून परतणार नाही; ती चार दिवसांचे कपडे घेऊन निघाली आहे.