लाल गालाची पोर

दिंद्रुडच्या विहीणबाई,

नमस्कार मागून, आधी भांडण.

माझी नात लई गोड हाय. दूध पिताना कोकरावानी नाक फुरफुरवती. तुमी मात्र तिच्या गालावरचा लाल डाग बघितला, "अपशकुनी खूण हाय, पोर इथंच ठेवा, सुनंला एकटीला धाडा" म्हणलात आन् चहा न पिता गेलात. साखर जास्त घातलती, वाया गेली.

शेजारच्या चर्चच्या पाळकांची लेक रूथ पुण्याला बायबल शिकती. तिला सांगितलं तर म्हणली, "आजी, आमच्या ग्रंथात खुणेला ग्रीक शब्द आहे, सेमेयॉन. निशाणी, इशारा, चमत्कार, सगळ्याला तोच. देवदूतानं मेंढक्यांना खूण सांगितली ती गव्हाणीतलं तान्हं लेकरू." मेंढक्यांनाच सांगितली, बघा. आमीबी मेंढीच्या पाठीला गेरू लावतो, आपली वळखू यावी म्हणून.

वर म्हणली, "त्याच लेकराला बघून एक म्हातारा बोलला, ही खूण अशी आहे की लोक हिच्याविरुद्ध बोलतील." मी लई हसले. विहीणबाई, तुमची वळख त्या ग्रंथात आधीच लिहून ठेवलीय.

बबितानं हे वाचलं. म्हणली, "आई, पाठवू नको, मला त्याच घरात नांदायचंय." बरं, न्हाई पाठवत. सोमवारी दोघींना घेऊन मीच येते. एस्टी स्टँडापासून तुमच्या दारापर्यंत पोर माझ्या हातात असंल, आन् तिच्या तोंडावर पदर नसंल.

तुमची कुणीच न्हाई, पण पोरीची आजी,
कडूबाई, घाटनांदूर