काजळ घालण्याआधी

सौ. कौसल्या,

बाळाची अंघोळ झाली की तुझा हात आधी काजळाच्या डबीकडे जाईल, म्हणून चिठ्ठी तिच्याखाली ठेवली आहे. तू पाण्याला गेली आहेस आणि दौंडची गाडी थांबणार नाही. तुझ्या आईंच्या देखत मला हे बोलताही आले नसते.

बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नकोस. दौंडच्या डॉक्टरांना मी त्याच्या उजव्या डोळ्याविषयी विचारले. डोळ्यातून नाकात उतरणारी बारीक नळी बंद आहे, म्हणून न रडताही पाणी गळते, असे ते म्हणाले. उकळून निवलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळा पूस. मग हात धुऊन, नख काढलेल्या करंगळीने डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने हळूच खाली दाब. बहुतेक मुलांची नळी वर्षाच्या आत उघडते म्हणे. आईंना वाईट वाटू नये म्हणून तीट तळपायाला लाव.

काल संध्याकाळी मी तसे दाबून पाहिले. बाळ माझ्याकडे पाहून हसत होते आणि तो एकच डोळा वाहत होता. मी हसावे की घाबरावे, उमगेना. आई शेजारीच शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, नळीबिळी काय न्हाई. बापाची सय येती त्याला. घिऊन जावा दोघांस्नी, आपसूक थांबंल."

तेव्हापासून डॉक्टरांचे खरे मानावे की आईंचे, मला ठरवता येत नाही. दौंडात मी अजून खोली पाहिलेलीच नाही, हे त्यांना सांगू शकलो नाही.

शनिवारी येईन तो खोली पाहूनच. तोवर तू डोळा दाबत राहा. दोन्ही उपाय चालू असू देत.

भागवत